‘१० मिलिग्रॅम स्टेरॉइड कायम चालू ठेवले तर चालेल का?’ : अल्सरेटिव्ह कोलायटिसविषयी एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

घणसोलीच्या एका भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा. त्यांच्या यजमानांचे वय ३४ आणि वजन ६० किलो आहे. दोन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत) अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह आणि व्रण होण्याच्या दीर्घकालीन आजाराचे, निदान झाले आणि आजार संपूर्ण मोठ्या आतड्यात पसरलेला आढळला. तेव्हापासून आतड्याचा दाह कमी करणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या दीड वर्षात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीनदा सुरू करावे लागले. दर वेळी आठवडा-दीड आठवड्यात रक्त थांबते, पण डोस १० मिलिग्रॅमच्या खाली आला की रक्त आणि चिकट पुन्हा सुरू होते. सध्या १० मिलिग्रॅमवर दोन-तीन वेळा शौचाला जावे लागते, रक्त नाही. महापे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे, आणि ठाण्याला लोकलने जायचे असले की ते आदल्या दिवशी एक गोळी स्वतःच वाढवून घेतात. उपाशीपोटी साखर आता ११२ आली आहे. डॉक्टरांनी प्रतिकारशक्तीला आवर घालणारे अझाथायोप्रिन सुचवले आहे आणि ते लागू पडले नाही तर बायोलॉजिक (दाहाच्या ठरावीक दुव्यावर काम करणारे, जिवंत पेशींपासून बनवलेले) इंजेक्शन. नातेवाईक मात्र ही ‘कॅन्सरची औषधे’ म्हणून घाबरवत आहेत. तेव्हा मानवलेले स्टेरॉइड कमी डोसमध्ये कायम घेतले तर काय बिघडेल, त्यातल्या त्यात सौम्य असे एखादे स्टेरॉइड आहे का, आणि मूल होण्याचा विचार असताना यांतले काय चालेल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. १० मिलिग्रॅम हा डोस आजार काबूत ठेवण्यास अपुरा आहे आणि दुष्परिणाम होण्यास पुरेसा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तोटाच पदरी पडतो. हे माझे वैयक्तिक मत नाही. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये आपल्या प्रसिद्ध चाचणीचा अंतिम अहवाल मांडला. कॉर्टिझोन हे स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांचा आजार सहा आठवड्यांत शांत झाला, तर औषधविरहित गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. ज्या काळी कोलायटिसचा तीव्र झटका अनेकदा जिवावर बेतत असे, त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. पण आजार एकदा शांत झाल्यावर तेच औषध कमी डोसमध्ये चालू ठेवून तो शांत राहतो का, हेही पुढे तपासले गेले. १९६५ मध्ये लेनार्ड-जोन्स आणि सहकाऱ्यांनी रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनच्याच बरोबरीचे स्टेरॉइड) देऊन पाहिले, आणि ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तुम्ही विचारता तो डोस तर त्याहूनही कमी आहे.

मग १० मिलिग्रॅमवर यजमानांना बरे कसे वाटते? कारण त्यांचा आजार पूर्णपणे शांत झालेलाच नाही. तो दबलेला आहे. रक्त दिसत नाही याचा अर्थ आतड्याचे अस्तर भरून आले असा होत नाही. विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिनची (आतड्यातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी या टप्प्यावर करून घ्या, माझ्या अंदाजाने ते बरेच वाढलेले निघेल. गरज वाटल्यास तुमचे डॉक्टर खालच्या भागाची छोटी दुर्बीण तपासणी करून अस्तर प्रत्यक्ष पाहतील.

सुरू केल्यापासून तीन महिन्यांत प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या खाली आणता येत नसेल, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार उलटत असेल, तर त्या स्थितीला आम्ही स्टेरॉइडवरचे अवलंबित्व म्हणतो. तुमच्या यजमानांचे वर्णन या व्याख्येत तंतोतंत बसते. यात त्यांचा काही दोष नाही आणि ही दुर्मिळ गोष्टही नाही. अमेरिकेतील ओल्मस्टेड काउंटीच्या रुग्णांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की पहिल्यांदा स्टेरॉइड घेतलेल्या कोलायटिसच्या रुग्णांपैकी वर्षअखेरीस जवळपास निम्मे ठीक होते, २२ टक्के स्टेरॉइडवर अवलंबून होते आणि २९ टक्के रुग्णांना शस्त्रक्रिया करावी लागली होती. तो काळ बायोलॉजिक औषधे फारशी हाताशी नसलेला होता, म्हणून शस्त्रक्रियेचा आकडा आज तसाच धरू नये. पण स्टेरॉइड एकट्याच्या बळावर किती अंतर चालते, हे त्यातून नीट कळते.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असा मात्र समज करून घेऊ नका. नातेवाइकांच्या भीतीपोटी पहिल्याच झटक्यात ते नाकारणारे आणि पुढे हिमोग्लोबिन ६ वर आल्यावर दाखल होणारे रुग्णही आमच्याकडे येतात. योग्य वेळी, योग्य डोसमध्ये आणि ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या प्रेडनिसोलोनइतके लवकर आणि इतक्या स्वस्तात काम करणारे औषध या आजारात थोडेच आहे. योग्य डोस म्हणजे साधारणतः रोज ४० मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीनंतर एकदम. १९६२ मध्येच २०, ४० आणि ६० मिलिग्रॅमची तुलना झाली होती. ४० हे २० पेक्षा सरस ठरले, ६० ने मात्र दुष्परिणाम वाढले आणि फायदा वाढला नाही. म्हणून ‘थोडेच घेऊ’ म्हणत १० किंवा १५ पासून सुरुवात करण्यात अर्थ नसतो. त्याने आजार अर्धवट दबतो आणि औषध मात्र महिनोन्‌महिने लांबते. ४० वर दोन आठवड्यांत स्पष्ट सुधारणा दिसली नाही तर वाट पाहत न बसता पुढचा विचार करायचा, आणि दिसली तर दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करत साधारण आठ आठवड्यांत बाहेर पडायचे. ज्या दिवशी ४० मिलिग्रॅमची चिठ्ठी लिहिली जाते, त्याच दिवशी ते बंद कसे होणार आणि त्यानंतर आजार कशाने सांभाळायचा हेही लिहिले गेले पाहिजे. तुमच्या बाबतीत तीन वेळा पहिला भाग झाला आणि दुसरा राहून गेला. आता डॉक्टर तोच दुसरा भाग सुचवत आहेत.

आता सौम्य स्टेरॉइडबद्दल. औषधाच्या दुकानात ‘डिफ्लाझाकोर्ट हलके असते, ते घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकोर्ट हे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचे असते, आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम म्हणजेही तेच ५ मिलिग्रॅम. गोळीवरचा आकडा पाहून ‘चारचीच तर आहे’ असे समाधान मानून आठ आठ गोळ्या घेणारे लोक भेटतात. त्यांचा डोस प्रत्यक्षात ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचा असतो. ब्रँड बदलल्याने कोलायटिसमध्ये काही साधत नाही, हिशेबाचा घोळ तेवढा वाढतो. त्याहून मला चिंता वाटते ती कागदात बांधून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या ‘देशी’ पुड्यांची. त्या घेऊन रक्त चार दिवसांत थांबले आणि महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. तुमच्या यजमानांनी असे काही घेतले असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

खऱ्या अर्थाने वेगळे स्टेरॉइड म्हणजे बुडेसोनाइड. ते आतड्याच्या अस्तरावर काम करते आणि रक्तात शोषले गेले की त्याचा जवळपास ९० टक्के भाग पहिल्याच फेरीत यकृतात निष्प्रभ होतो, त्यामुळे शरीरावरचे परिणाम बरेच कमी राहतात. यात एक बारकावा आहे, तो चिठ्ठीवर पाहून घ्यावा. बुडेसोनाइडचा एक प्रकार लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सुटतो. तो त्या भागातल्या क्रोन्स आजारासाठी (पचनमार्गात कुठेही होऊ शकणाऱ्या, कोलायटिसच्याच गटातल्या दाहाच्या आजारासाठी) असतो. दुसरा, ज्याला एमएमएक्स म्हणतात, तो संपूर्ण मोठ्या आतड्यात हळूहळू सुटतो. तो सौम्य ते मध्यम कोलायटिससाठी असतो. दोन्हींचा डोस रोज ९ मिलिग्रॅम असला तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मेसालामिन पुरेसे पडत नाही पण प्रेडनिसोलोन द्यावे इतका आजार तीव्रही नाही, अशा वेळी आठ आठवड्यांसाठी एमएमएक्स बुडेसोनाइड हा चांगला पर्याय आहे. तीन वेळा प्रेडनिसोलोनवरून उतरताना अडकलेल्या माणसाला त्याने कायमचा आधार मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवता येत नाही, कारण तेही आजार शांत ठेवण्यासाठीचे औषध नाही. आजार फक्त गुदाशयापुरता किंवा डाव्या बाजूपुरता असता तर एनिमा किंवा फोमच्या रूपातले स्टेरॉइड उपयोगी पडले असते, तिथेही मेसालामिनचा एनिमा अधिक गुणकारी ठरतो. घरी एनिमा घ्यायचा संकोच अनेकांना वाटतो आणि डॉक्टरही आग्रह धरत नाहीत, हे आमच्याकडचे एक जुने दुखणे आहे. तुमच्या यजमानांचा आजार पूर्ण आतड्यात असला तरी गोळ्यांच्या जोडीला रात्रीचा मेसालामिन एनिमा दिला आहे का, हे जरूर विचारा; खालच्या भागाची घाई आणि चिकट त्याने कमी होते.

लोकलच्या प्रवासाआधी गोळी वाढवण्याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. गाडीत शौचालय नाही, स्थानकावरचे केव्हा उघडे असेल याचा भरवसा नाही, आणि शिफ्ट चुकवता येत नाही. ही भीती मी समजू शकतो, ट्रान्स-हार्बरवरून येणारे माझे कितीतरी रुग्ण तिच्यासकट जगत असतात. पण एका दिवसाच्या ५ मिलिग्रॅमने दुसऱ्या दिवशीची घाई थांबत नाही. औषधाचा हिशेब मात्र विस्कटतो, आणि डॉक्टरांना वाटते की रुग्ण १० वर स्थिर आहे. त्या दिवसासाठी दुसरा काही उपाय हवा असेल तर तो विचारून घ्या. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र टाळा. त्यांनी कोलायटिस उफाळू शकतो.

पुन्हा रक्त दिसले तरी ते प्रत्येक वेळी आजाराचेच असते असे नाही. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत पोटाचे संसर्ग किती वाढतात हे तुम्ही जाणताच. स्टेरॉइड वाढवण्याआधी विष्ठेची तपासणी झाली पाहिजे, त्यात अमिबा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा शोध घेतला पाहिजे. अमिबाच्या कोलायटिसला चुकून स्टेरॉइड दिले तर आतडे फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. जे क्रोन्सचे रुग्ण हे वाचत असतील त्यांच्यासाठी याहून मोठा सावधगिरीचा मुद्दा क्षयाचा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांचे दुर्बिणीतील आणि बायोप्सीतील चित्र इतके सारखे असू शकते की आपल्या देशात शंका उरल्यास आधी क्षयाची औषधे देऊन दोन-तीन महिन्यांनी कोलोनोस्कोपीत व्रण भरले का ते पाहण्याची पद्धत आहे. क्षय असताना स्टेरॉइड दिले तर सुरुवातीला बरे वाटते आणि आत संसर्ग पसरत राहतो. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये तर वाढ खुंटू नये म्हणून स्टेरॉइडऐवजी सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रव आहारावर ठेवणे हाच पहिला उपचार मानला जातो.

साखरेबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त दिसतो. उपाशीपोटीची ११२ पाहून थांबू नका, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून घ्या. दीड वर्षाच्या काळात त्यांनी एकूण तीन महिन्यांहून अधिक स्टेरॉइड घेतलेले आहे, तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि डोळ्यांची तपासणी, मोतीबिंदू व डोळ्यातला दाब या दोन्हींसाठी, आता व्हायला हवी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे का? कोलायटिस म्हटले की घरोघरी सर्वांत आधी दूध बंद होते, आणि नेमक्या त्याच वेळी हाडांना कॅल्शियमची गरज असते. दुधाने त्रास होत नसेल तर ते बंद करू नका. होत असेल तर दही, ताक, नाचणी चालू ठेवा. जांघेत किंवा खुब्यात नवे दुखणे सुरू झाले तर ‘वात’ म्हणून सोडून देऊ नका. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि सुरुवातीच्या काळात साधा एक्स-रे नॉर्मल येतो, तेव्हा एमआरआय लागतो.

आणि स्टेरॉइड नको म्हणून उद्यापासून एकदम बंदही करू नका. तीन आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून स्टेरॉइड मिळाले की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करते. औषध अचानक तोडले तर थकवा, मळमळ, चक्कर, रक्तदाब घसरणे, आणि ताप किंवा अपघातात याहून गंभीर प्रसंग ओढवू शकतो. ५ मिलिग्रॅमच्या खाली तर फारच सावकाश उतरावे, लागल्यास सकाळचे कॉर्टिसोल तपासून. या उतरणीवर अंग दुखते, सांधे दुखतात, गळून गेल्यासारखे वाटते; अनेकांना तो आजारच उलटला असे वाटून डोस पुन्हा वाढवला जातो. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) आणि कॅल्प्रोटेक्टिन नॉर्मल असेल तर तो आजार नसतो.

आता ‘कॅन्सरच्या औषधां’कडे येऊ. अझाथायोप्रिन १९६० च्या दशकापासून मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरले गेलेले औषध आहे. त्याचे भावंड असलेले मर्कॅप्टोप्युरिन रक्ताच्या कर्करोगात वापरतात, म्हणून हा गैरसमज पसरलेला आहे. त्याचा परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतात, आणि सध्याचे स्टेरॉइड हा तेवढ्या तीन महिन्यांचा पूल आहे. पूल उभा असतानाच पलीकडचे काम सुरू झाले पाहिजे, म्हणजेच अझाथायोप्रिन आजच सुरू करून त्याचा परिणाम येईल तसतसे स्टेरॉइड उतरवायचे. त्यांच्या वजनाला पूर्ण डोस १२० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास येईल, पण सुरुवात ५० पासून होते. भारतीयांत एनयूडीटी१५ या जनुकातील एक बदल बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली येतात, म्हणून शक्य असल्यास ही तपासणी आधी करावी. ती झाली किंवा नाही झाली, तरी पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्तपेशी व यकृताची तपासणी चुकवू नये. पहिल्या महिन्यात पोटात तीव्र दुखले तर स्वादुपिंडाचा दाह असू शकतो, गोळी थांबवून लगेच दाखवावे. लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची शक्यता या औषधाने वाढते हे खरे आहे. मात्र मुळातच ती इतकी कमी आहे की वाढूनही वर्षाला दर १०,००० रुग्णांमागे काही मोजक्यांनाच तो होतो. याउलट क्रोन्सच्या रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकन नोंदवहीत गंभीर संसर्ग आणि मृत्यू यांच्याशी प्रेडनिसोनचाच संबंध आढळला होता. भीती बाळगायचीच असेल तर ती लांबलेल्या स्टेरॉइडची बाळगावी.

अझाथायोप्रिन सोसले नाही किंवा पुरले नाही, तर इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब ही इंजेक्शने आणि टोफासिटिनिब ही गोळी, असे पर्याय आहेत. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून ०, २ आणि ६ व्या आठवड्यात आणि नंतर दर आठ आठवड्यांनी दिले जाते. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी आवश्यक असते. १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टेरॉइड महिनाभर चालू असल्यास क्षयासाठीची त्वचेवरची मांटू चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे तपासणाऱ्यांना सांगा. हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लस, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी आताच उरकून घ्या. जिवंत जंतूंच्या लसी मात्र या काळात घेऊ नयेत. टोफासिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या भारतात मिळत असल्याने खर्च इंजेक्शनांपेक्षा खूपच कमी येतो, पण नागीण आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका तपासूनच ते सुरू करावे.

एका परिस्थितीत मात्र यातले काहीही न वाचत बसता रुग्णालय गाठायचे. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्तमिश्रित शौच, आणि त्याच्या जोडीला नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यांपैकी एकही असेल तर तो तीव्र झटका आहे. घरी गोळ्या वाढवून तो आवरत नाही. जिथे पोटविकारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघेही उपलब्ध आहेत अशा ठिकाणी दाखल व्हावे. तिथे हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा शिरेतून दिले जाते, आणि रक्तात गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनही. शौचातून रक्त जात असताना रक्त पातळ करणारे इंजेक्शन का, असे नातेवाईक हमखास विचारतात, पण या झटक्यात गुठळीचा धोका खरोखरच मोठा असतो. तिसऱ्या दिवशी शौचाची संख्या आठपेक्षा जास्त असेल, किंवा ती तीन ते आठ असून सीआरपी ४५ च्या वर असेल, तर स्टेरॉइड पुरेसे ठरणार नाही हे ओळखून इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय घ्यावा लागतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत शिरेतले स्टेरॉइड कमी पडते, तेव्हा ‘अजून चार दिवस पाहू’ हा आग्रह कुटुंबाने धरू नये.

मूल होण्याबाबत. पुरुष अझाथायोप्रिन घेत असताना गर्भधारणा होण्यास सध्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हरकत नाही. मेसालामिनही चालते, पण त्याच वर्गातील सल्फासलाझिनने शुक्राणूंची संख्या घटते. कोणी स्वस्त म्हणून ते बदलून दिले असेल तर चिठ्ठी तपासा. ते बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत संख्या पूर्ववत होते. टोफासिटिनिबचा विचार झाला तर तुमचा हा बेत डॉक्टरांना आधी सांगा. पुढच्या भेटीला जाताना कोलोनोस्कोपीचा मूळ अहवाल, बायोप्सी, आणि दीड वर्षात कोणत्या तारखेला किती मिलिग्रॅम घेतले, प्रवासाच्या दिवशी वाढवलेल्या गोळ्यांसह, हे एका कागदावर लिहून न्या.